प्रश्नोत्तरे : किंमतच नसेल, तर टॅग लिहायचा का?

प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टचे एक्सएमएल (टॅगमध्ये माहिती लिहिण्याची मांडणी) करताना 'असली तर असेल, नाही तर नाही' अशा फील्डचे काय करायचे, यावरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. नमुन्यांतले टॅग देवनागरीत दिले आहेत. एक्सएमएलला अशी नावे चालतात, त्यामुळे ते पार्सरला तसेच्या तसे देऊन पाहता येतील. फक्त 'एक्सएसआय:निल' हे ॲट्रिब्यूट (टॅगच्या आत लिहिलेली नोंद; ही 'किंमत नाही' असे सांगते), त्याची 'ट्रू' ही किंमत आणि संख्यांमधले अंक प्रत्यक्षात रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. भाषांमधले कीवर्ड आणि लायब्ररीतली नावेही उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

प्रश्न : ग्राहकाचा फोन नसला की एक सिस्टिम टॅगच गाळते, दुसरी <फोन/> पाठवते, तिसरी निल लावते. तिन्हींचा अर्थ एकच धरून चालेल का?

नाही, आणि बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. ऑब्जेक्टमध्ये तुमच्याकडे दोनच अवस्था असतात, किंमत आहे किंवा नल (काहीच नाही) आहे. एक्सएमएलमध्ये मात्र 'किंमत नाही' हे तीन प्रकारे लिहिता येते आणि स्कीमाच्या (कोणते टॅग कसे असावेत हे ठरवणाऱ्या नियमांच्या) दृष्टीने ते तीन वेगळे दस्तऐवज आहेत.

पहिला प्रकार म्हणजे टॅग गैरहजर. स्कीमात त्या एलिमेंटला (टॅग आणि त्यातला मजकूर मिळून एलिमेंट) मिन-ऑकर्स, म्हणजे किमान किती वेळा यावे ती संख्या, शून्य दिलेली असेल तरच हे वैध. दुसरा प्रकार रिकामा टॅग, <फोन/>. पार्सरसाठी यात किंमत आहे, ती म्हणजे शून्य लांबीची स्ट्रिंग. एलिमेंट स्ट्रिंग प्रकारचे असेल तर हे वैध ठरते, पण <वय/> पूर्णांक असेल, <जन्मतारीख/> तारीख असेल किंवा <रक्कम/> दशांश असेल, तर रिकामी स्ट्रिंग त्या प्रकारात बसत नाही आणि व्हॅलिडेशन तिथेच अडते. तिसरा प्रकार <वय एक्सएसआय:निल="ट्रू"/>. यासाठी स्कीमात त्या एलिमेंटवर निलेबल (निल चालेल का) ट्रू लागते.

मिन-ऑकर्स आणि निलेबल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. निलेबल असलेले पण मिन-ऑकर्स १ असलेले एलिमेंट गाळता येत नाही, ते निल लावून का होईना, लिहावेच लागते. उलट, मिन-ऑकर्स शून्य असले म्हणून निल चालेल असेही नाही. निल लावलेल्या एलिमेंटच्या आत मजकूर किंवा उप-एलिमेंट असता कामा नये, पण त्याच्यावर इतर ॲट्रिब्यूट असू शकतात. 'किंमत नाही, आणि का नाही याचा कोड हा' असे सांगायला ही सोय उपयोगी पडते. निलची किंमत बूलियन असल्यामुळे 'ट्रू'ऐवजी '१' (अर्थात रोमन अंक) लिहिलेलेही वैध आहे. स्वतः पार्सिंग करणारे हे हमखास विसरतात. एक्सएसआय हा प्रीफिक्स नुसता प्रथेचा आहे. महत्त्व त्यामागच्या नेमस्पेसला (प्रीफिक्समागची पूर्ण ओळख) आहे, म्हणून तुलना प्रीफिक्सशी न करता नेमस्पेसशी करावी. आणि नेमस्पेस जाहीर केलेली नसेल तर नेमस्पेस जाणणारा पार्सर तो दस्तऐवज वाचायलाच नकार देतो.

ॲट्रिब्यूटला निल नसते. ते एकतर आहे किंवा नाही. म्हणून ज्या किमतीला पुढे कधीतरी 'मुद्दाम पुसली' असे म्हणावे लागेल, ती ॲट्रिब्यूटमध्ये ठेवू नये.

<फोन/> आणि <फोन></फोन> यांत मात्र काहीही फरक नाही. डिजिटल सहीसाठी कॅनॉनिकल (ठरलेले एकच) रूप काढतानाही पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होते. टॅग गाळला तर सही बदलते, हे वेगळे.

आमची शिफारस अशी: किंमत नसेल तर टॅग गाळा. निल फक्त तिथेच वापरा, जिथे 'माहिती नाही' आणि 'माहिती काढून टाकली' यांत फरक करायचा आहे. रिकामा टॅग फक्त स्ट्रिंगसाठी, तोही रिकामी स्ट्रिंग ही खरोखरची किंमत असेल तेव्हाच. आणि हे ठरवणे लायब्ररीच्या डीफॉल्टवर सोडू नका. पुढच्या उत्तरांत दिसेल की दर लायब्ररीचे डीफॉल्ट वेगळे आहे.

प्रश्न : जावामध्ये फील्डला ऑप्शनल प्रकार (किंमत असेल किंवा नसेल असे वेष्टण) दिला. जॅक्सबी (ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांत रूपांतर करणारी जावाची लायब्ररी) एका ठिकाणी रिकामा टॅग लिहिते, दुसऱ्या ठिकाणी कॉन्टेक्स्ट बनवतानाच एरर देते. असे का?

जॅक्सबीला ऑप्शनल माहीत नाही. ऑप्शनल जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली आला. जॅक्सबीचा ढाचा त्याच्या आधीचा. त्यामुळे ती ऑप्शनलकडे एक साधा क्लास म्हणून पाहते. त्या क्लासला आर्ग्युमेंट नसलेला कन्स्ट्रक्टर सापडला, तर आत लिहिण्याजोगी प्रॉपर्टी नाही म्हणून रिकामा टॅग उमटतो, आणि कन्स्ट्रक्टर सापडला नाही तर एरर येते. कोणते घडेल हे जावाच्या आवृत्तीवर ठरते. एरर आली तर नशीब समजा. रिकामा टॅग उमटणारा प्रकार जास्त वाईट, कारण किंमत असलेला ऑप्शनलही रिकामाच जातो आणि कुठे काही ओरडत नाही.

सर्वांत साधा उपाय म्हणजे फील्ड नेहमीच्या प्रकारचे, नल होऊ शकणारे ठेवायचे आणि गेटर मात्र ऑप्शनल परत करणारा लिहायचा. क्लासवर एक्सएमएल-ॲक्सेसर-टाइप हे ॲनोटेशन लावून त्यात 'फील्ड' निवडा. मग जॅक्सबी फक्त फील्ड पाहते, गेटरकडे ढुंकूनही बघत नाही. हे ॲनोटेशन विसरलात तर ती डीफॉल्टनुसार सार्वजनिक गेटर-सेटरच्या जोड्या शोधते, आणि ऑप्शनल देणारा गेटर व स्ट्रिंग घेणारा सेटर यांची जोडी जुळत नाही.

दुसरा उपाय एक्सएमएल-अडॅप्टरचा, म्हणजे मधे रूपांतर करणाऱ्या क्लासचा. मार्शलमध्ये (लिहिताना) ऑप्शनल रिकामा असेल तर नल परत करा, अनमार्शलमध्ये (वाचताना) आलेली किंमत ऑफ-नलेबलने गुंडाळा. इथे दोन ठेचा लागतात. टॅग गैरहजर असेल तर अडॅप्टर बोलावलाच जात नाही, म्हणून फील्ड जाहीर करतानाच त्यात ऑप्शनल-एम्प्टी भरून ठेवावा लागतो. नाहीतर वाचलेल्या ऑब्जेक्टमध्ये चक्क नल असलेला ऑप्शनल मिळतो आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हातचे जाते. दुसरे म्हणजे मार्शलमध्ये स्वतः ऑप्शनलच नल आहे का हेही तपासा. दर प्रकारासाठी वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणून आम्ही पहिल्या उपायाच्या बाजूने आहोत.

साध्या फील्डच्या बाबतीतही प्रिमिटिव्ह इंट वापरू नका, इंटिजर वापरा. इंटला नल होता येत नाही, त्यामुळे न भरलेले वय <वय>०</वय> म्हणून जाते आणि समोरचा ते खरे मानतो.

एक्सएमएल-एलिमेंटवर रिक्वायर्ड ट्रू लिहिले म्हणजे जॅक्सबी तपासणी करेल, असा समज बराच पसरलेला आहे. त्याचा परिणाम फक्त क्लासवरून स्कीमा तयार करताना होतो. चालत्या प्रोग्रॅममध्ये तपासणी हवी असेल तर मार्शलर आणि अनमार्शलर दोघांनाही सेट-स्कीमाने स्कीमा द्या. अनमार्शलरला इव्हेंट-हँडलरही द्या. तो नसेल तर <वय>बारा</वय> अशासारखी न वाचता येणारी संख्या जॅक्सबी २ मुकाट्याने सोडून देते, आणि तुम्हाला वाटते की ग्राहकाने वय दिलेच नव्हते.

जावा ११ पासून जॅक्सबी जेडीकेमधून काढलेली आहे, ती डिपेंडन्सी म्हणून आणावी लागते. ३.० पासून पॅकेजचे नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झाले. ॲनोटेशन जुन्या पॅकेजचे आणि रनटाइम नवे, अशी खिचडी झाली तर कंपाइल व्यवस्थित होते, पण ॲनोटेशनकडे रनटाइम लक्षच देत नाही. निलेबल लावूनही निल उमटत नसेल तर आधी इम्पोर्टच्या ओळी पाहा.

प्रश्न : एक्सजेसीने (स्कीमावरून जावाचे क्लास बनवणाऱ्या टूलने) काही फील्ड स्ट्रिंगऐवजी 'जॅक्सबी-एलिमेंट ऑफ स्ट्रिंग' अशी का बनवली? वापरायला फार कटकट होते.

त्या एलिमेंटवर स्कीमात मिन-ऑकर्स शून्य आणि निलेबल ट्रू, दोन्ही आहेत. म्हणजे गैरहजर, निल आणि किंमत अशा तीन अवस्था, आणि साध्या स्ट्रिंगमध्ये दोनच मावतात. म्हणून एक्सजेसी वेष्टण घालते. प्रॉपर्टी नल म्हणजे टॅग गैरहजर, आत नल असलेला जॅक्सबी-एलिमेंट म्हणजे निल, आत किंमत म्हणजे किंमत. तो तयार करायला ऑब्जेक्ट-फॅक्टरीमध्ये 'क्रिएट'ने सुरू होणारी पद्धत आपोआप तयार झालेली असते. हाताने क्यूनेम जोडत बसू नका.

कटकट नको असेल तर बाइंडिंग फाइलमधल्या ग्लोबल-बाइंडिंग्जमध्ये जनरेट-एलिमेंट-प्रॉपर्टी फॉल्स करा. मग साधी स्ट्रिंग मिळते, पण गैरहजर आणि निल यांतला फरक टिकत नाही. समोरची सिस्टिम तो फरक मानते का हे विचारून घेतल्याशिवाय हे बटण दाबू नये. स्कीमा तुमचाच असेल तर मात्र मुळात दोन्ही एकत्र का लिहिले, हा प्रश्न स्वतःला विचारा. बऱ्याचदा उत्तर 'टूलने लिहिले' असेच येते.

प्रश्न : सी शार्पमध्ये ऑब्जेक्टमध्ये किंमत भरली आहे, डीबगरमध्ये दिसते, पण एक्सएमएलमध्ये टॅगच नाही.

क्लास एक्सएसडी टूलने (स्कीमावरून क्लास बनवणाऱ्या) बनवलेला असणार. वयाच्या प्रॉपर्टीशेजारी त्याच नावाला 'स्पेसिफाइड' जोडलेली एक बूलियन प्रॉपर्टी दिसेल. एक्सएमएल-सिरियलायझरचा (ऑब्जेक्टचे एक्सएमएल करणाऱ्या डॉट नेटच्या क्लासचा) नियम असा: नावामागे 'स्पेसिफाइड' असलेला बूलियन सोबत असेल, तर तो ट्रू असल्याशिवाय मूळ किंमत लिहायची नाही. तुम्ही वय भरले, बूलियन फॉल्सच राहिला, टॅग गेला. वाचताना सिरियलायझर हा बूलियन स्वतः ट्रू करतो, म्हणून वाचून पुन्हा लिहिणाऱ्या चाचण्या पास होतात आणि नवा ऑब्जेक्ट बनवणारा कोड मात्र फसतो. सेटरमध्येच बूलियन ट्रू करून टाका. पार्शल क्लासमध्ये छोटी पद्धत लिहिली तरी चालेल. स्ट्रिंगसाठी हा बूलियन तयार होत नाही, कारण तिथे नल पुरतो.

स्वतः क्लास लिहीत असाल तर चित्र असे आहे. स्ट्रिंग किंवा इतर रेफरन्स प्रकार नल असेल तर टॅग गाळला जातो. इज-नलेबल ट्रू दिले तर निल उमटते. पण प्रश्नचिन्हवाला इंट, म्हणजे नलेबल इंट, नल असेल तर आपोआप निल उमटते, आणि तिथे इज-नलेबल फॉल्स द्यायला गेलात तर सिरियलायझर एक्सेप्शन टाकतो. म्हणजे एकाच क्लासमधली दोन नल फील्ड दोन वेगळ्या पद्धतींनी बाहेर पडतात. समोरच्याच्या स्कीमात निलेबल नसेल तर निम्मे दस्तऐवज नापास होतात, तेही फक्त ज्यांत संख्या नाही तेच, त्यामुळे कारण लवकर लक्षात येत नाही. यावर 'शुड-सिरियलाइझ'ला प्रॉपर्टीचे नाव जोडून एक सार्वजनिक पद्धत लिहा, बूलियन परत करणारी, आत फक्त हॅज-व्हॅल्यू. टॅग गाळला जाईल. नावात एका अक्षराची चूक झाली तर पद्धत दुर्लक्षित होते आणि कंपायलर काही बोलत नाही.

नलेबल इंट ॲट्रिब्यूट म्हणून लिहिता येत नाही, सिरियलायझर तयार होतानाच एक्सेप्शन येते. तिथे साधा इंट आणि स्पेसिफाइड बूलियन, किंवा स्ट्रिंगची मधली प्रॉपर्टी ठेवून मूळ प्रॉपर्टीवर एक्सएमएल-इग्नोर.

डेटा-कॉन्ट्रॅक्ट-सिरियलायझर वापरत असाल तर नियम पुन्हा बदलतात. तो नलसाठी डीफॉल्टनुसार निल लिहितो. एमिट-डीफॉल्ट-व्हॅल्यू फॉल्स केले की नल गाळतो, पण साध्या इंटमधला खरा शून्यही गाळतो. वरून तो सदस्य वर्णानुक्रमे लिहितो आणि वाचताना तोच क्रम अपेक्षितो. क्रम चुकलेले एलिमेंट तो न सांगता सोडून देतो आणि फील्ड नल राहते. 'पर्यायी फील्ड येत नाही' अशा तक्रारीत आधी ऑर्डर तपासावी ती याचसाठी.

प्रश्न : गो भाषेत ओमिट-एम्प्टी (रिकामे फील्ड गाळण्याची खूण) लावल्यावर सवलत शून्य असलेल्या ओळी नाहीशा होतात. काढले तर न भरलेल्या तारखांना वर्ष १ दिसते.

ओमिट-एम्प्टीला 'भरलेले नाही' असे काही कळत नाही, त्याला फक्त शून्य किंमत कळते: ०, फॉल्स, रिकामी स्ट्रिंग, रिकामा स्लाइस, निल पॉइंटर. शून्य सवलत ही तुमच्यासाठी खरी माहिती असेल तर फील्डचा प्रकार पॉइंटर करा. निल पॉइंटर असेल तर काहीच लिहिले जात नाही (यासाठी ओमिट-एम्प्टीही लागत नाही), आणि शून्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर निल नसल्यामुळे ० नीट लिहिला जातो.

तारखेचा टाइम हा स्ट्रक्ट आहे आणि स्ट्रक्टला ओमिट-एम्प्टी कधीच रिकामे मानत नाही. म्हणून ०००१-०१-०१ उमटते. तिथेही पॉइंटरच. अशी खोटी तारीख समोरच्या डेटाबेसात एकदा शिरली की वयापासून व्याजापर्यंत सगळी गणिते बिघडतात, आणि ती तारीख वैध असल्यामुळे स्कीमा तिला पकडत नाही.

वाचताना पॉइंटर तितकासा भरवशाचा नाही. गोच्या एक्सएमएल पॅकेजला निल ॲट्रिब्यूटचा अर्थ माहीत नाही. टॅग दिसला की ते नवी जागा घेऊन पॉइंटर भरते आणि रिकामा मजकूर पूर्णांकासाठी ० समजते. म्हणजे समोरच्याने निल लावून 'किंमत नाही' म्हटले आणि तुमच्याकडे शून्याचा पॉइंटर आला. तारखेच्या पॉइंटरला तर रिकाम्या मजकुरावर एररच येते. निल येण्याची शक्यता असेल तर छोटा स्ट्रक्ट करा: एक स्ट्रिंग फील्ड कार-डेटा (टॅगमधला मजकूर) म्हणून आणि एक ॲट्रिब्यूट फील्ड, ज्याच्या टॅगमध्ये एक्सएसआयची पूर्ण नेमस्पेस, मग स्पेस, मग निल. आधी निल पाहा, मग मजकूर बदलून घ्या.

प्रश्न : जॅक्सनची (जावाची अशीच दुसरी लायब्ररी) आवृत्ती वाढवल्यावर आधी नल येणारी फील्ड आता रिकामी स्ट्रिंग का येतात?

एम्प्टी-एलिमेंट-ॲज-नल या वाचण्याच्या पर्यायाचे डीफॉल्ट २.१२ मध्ये बदलले. आधी <फोन/> म्हणजे नल धरले जाई, आता रिकामी स्ट्रिंग. जुने वागणे हवे असेल तर पर्याय उघडपणे चालू करा. पण गंमत लिहिण्याच्या बाजूला आहे: जॅक्सन २चा एक्सएमएल-मॅपर नल फील्डसाठी डीफॉल्टनुसार <फोन/> असाच रिकामा टॅग लिहितो. म्हणजे नल लिहिला आणि परत वाचला तर रिकामी स्ट्रिंग मिळते. इन्क्लूजन (काय लिहायचे हे ठरवणारा पर्याय) नॉन-नल ठेवा, टॅग गाळला जाईल. जॅक्सन २ मध्ये जावाचा ऑप्शनल वापरत असाल तर जेडीके-८ मॉड्यूल नोंदवा आणि इन्क्लूजन नॉन-ॲब्सेंट ठेवा. नॉन-एम्प्टी घेऊ नका, ते रिकामी स्ट्रिंग आणि रिकाम्या याद्याही गाळते. निल हवे असेल तर राइट-नल्स-ॲज-एक्सएसआय-निल हा पर्याय २.१० पासून आहे.

प्रश्न : पायथनमधून पाठवलेल्या फाइलमध्ये <फोन>नन</फोन> असा मजकूर गेला.

कुठेतरी टेक्स्टमध्ये भरण्याआधी किंमत एसटीआरमधून किंवा एफ-स्ट्रिंगमधून गेली आहे. नन (पायथनमधला नल) होता, त्याचा रोमन लिपीतला चार अक्षरी शब्द झाला. एलिमेंट-ट्री या पायथनच्या लायब्ररीत टेक्स्टला थेट नन दिला तर रिकामा टॅग उमटतो, ॲट्रिब्यूटला नन दिला तर लिहिताना टाइप-एरर येते. तेव्हा एकच छोटे फंक्शन करा: किंमत नन असेल तर सब-एलिमेंट बनवायचाच नाही, नसेल तर बनवून एसटीआर करायचे. सगळे पर्यायी टॅग त्यातूनच जाऊ द्या.

वाचताना 'इफ एलिमेंट' असे लिहू नका. उप-एलिमेंट नसलेले एलिमेंट, आत मजकूर असला तरी, त्या तपासणीत फॉल्स ठरते, ३.१२ पासून यावर इशाराही मिळतो. 'इज नॉट नन' लिहा. फाइंड-टेक्स्ट ही पद्धत टॅग गैरहजर असेल तर नन आणि टॅग रिकामा असेल तर रिकामी स्ट्रिंग देते, म्हणून दोन्हींत फरक करायचा असेल तेव्हा तीच सोयीची.

प्रश्न : स्कीमात चलनासाठी डीफॉल्ट किंमत दिली आहे. टॅग पाठवला नाही, तरी ती आपोआप का भरली जात नाही?

कारण एलिमेंटचा डीफॉल्ट टॅग गैरहजर असताना लागू होत नाही. टॅग आहे आणि रिकामा आहे, तेव्हाच तो लागतो. ॲट्रिब्यूटचे नेमके उलटे: ॲट्रिब्यूट गैरहजर असेल तेव्हा डीफॉल्ट लागतो, रिकामे असेल तर ती रिकामी किंमतच धरली जाते. निल लावलेल्या एलिमेंटला डीफॉल्ट मिळत नाही.

तेही स्कीमा समोर ठेवून वाचणाऱ्या पार्सरपुरते. बहुतेक सिरियलायझर स्कीमा उघडतही नाहीत. जॅक्सबीतले एलिमेंटवरचे डीफॉल्ट-व्हॅल्यू वाचताना रिकाम्या टॅगलाच लागू होते. ॲट्रिब्यूटसाठी एक्सजेसी गेटरमध्ये डीफॉल्ट लिहून देते. डॉट नेटमधले डीफॉल्ट-व्हॅल्यू तर लिहिताना त्या किमतीचा टॅग गाळते आणि वाचताना काहीच भरत नाही, म्हणून तीच किंमत कन्स्ट्रक्टरमध्येही द्यावी लागते. चलनासारखी पैशांशी जोडलेली गोष्ट डीफॉल्टवर सोडूच नये, टॅग अनिवार्य करा.

प्रश्न : अर्धवट बदल पाठवायचे आहेत. फोन बदलला नाही, फोन पुसला आणि नवा फोन दिला, हे तिन्ही कसे लिहायचे?

इथे निलची खरी गरज आहे. टॅग गैरहजर म्हणजे हात लावू नका, निल म्हणजे पुसा, किंमत म्हणजे ती लिहा. स्कीमात मिन-ऑकर्स शून्य आणि निलेबल दोन्ही. ऑब्जेक्टमध्येही मग तीन अवस्थांचा प्रकार लागतो: जावात जॅक्सबी-एलिमेंट, रस्टमध्ये ऑप्शनच्या आत ऑप्शन, इतरत्र 'आले का' हा बूलियन आणि किंमत मिळून एक छोटा क्लास. पूर्ण नोंदीचा क्लास आणि बदलाचा क्लास वेगळे ठेवा. एकच क्लास दोन्हींसाठी वापरला तर कोणीतरी वाचलेली पूर्ण नोंद बदल म्हणून परत पाठवते, नल फील्ड त्या लायब्ररीच्या सवयीप्रमाणे निल होऊन जातात आणि चांगला डेटा पुसला जातो.

समोर अनेक पक्ष असतील आणि सगळ्यांच्या लायब्ररीला निल नीट कळेल याची खात्री नसेल, तर आम्ही उघड पर्याय निवडू: <पुसा>फोन</पुसा> अशी पुन्हा पुन्हा येऊ शकणारी वेगळी यादी. दिसायला ओबडधोबड, पण गोपासून पायथनपर्यंत कुठेही ती चुकून तयार होत नाही.

प्रश्न : समोरची सिस्टिम तारीख नसली तरी रिकामा टॅग मागते. स्कीमा आमचा आहे.

तारीख आणि शून्य लांबीची स्ट्रिंग यांचे युनियन (दोन्हींपैकी कोणतेही चालणारा प्रकार) करा: लांबी ० असलेला स्ट्रिंगचा एक प्रकार बनवा आणि मेंबर-टाइप्समध्ये तारखेसोबत त्याला घ्या. <मुदत/> वैध होईल, 'उद्या' असा मजकूर अवैधच राहील. किंमत ही मोजावी लागते की जॅक्सबीत अशा युनियनची प्रॉपर्टी स्ट्रिंग बनते, तारीख तुम्हाला हाताने करावी लागते. हे फक्त त्या एका फील्डपुरते करा. तारखेचा टाइपच स्ट्रिंग करून टाकणे हा सोपा मार्ग दिसतो, पण मग कोणत्याही मांडणीतली तारीख आत येते.

प्रश्न : रिकामी यादी आणि नल यादी यांत फरक ठेवता येतो का?

बाहेरचा टॅग असेल तरच. जॅक्सबीत एलिमेंट-रॅपर लावला तर नल यादीला काहीच नाही आणि रिकाम्या यादीला <पत्ते/>. रॅपर नसेल तर दोन्हींत शून्य टॅग, फरक संपला. एक्सजेसीच्या क्लासमध्ये यादीचा गेटर नल सापडल्यास नवी यादी बनवून देतो, त्यामुळे 'यादी आलीच नव्हती' हे गेटरवरून कळत नाही.

प्रश्न : चाचणीत नेमके काय तपासायचे?

दर पर्यायी फील्डसाठी गैरहजर, रिकामा, निल, खरी किंमत आणि शून्य किंवा फॉल्स अशा पाच आवृत्त्यांच्या फाइल हाताने लिहून ठेवा. प्रत्येक फाइल वाचा, ऑब्जेक्टमध्ये काय आले ते पाहा, मग लिहा आणि स्कीमाने तपासा. ज्या आवृत्त्या स्कीमाला मान्य नाहीत त्या नाकारल्या जातात का, तेही पाहा. फक्त लिहून परत वाचण्याची चाचणी पुरत नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकच असेल तर दोघे एकच चूक करतात आणि चाचणी हिरवी राहते. उलट बाजूने, कोडमध्ये कोरा ऑब्जेक्ट बनवून एकेक फील्ड भरत जाणारी चाचणीही हवी. वरचा 'स्पेसिफाइड'चा दोष तिच्यातच सापडतो.

निकालाची तुलना मजकूर म्हणून न करता एक्सएमएल म्हणून करा. आणि फाइल सुबक मांडणीत लिहिणारे साधन मधे असेल, तर रिकाम्या टॅगच्या आत त्याने नवी ओळ टाकली नाही ना हे तपासा. स्ट्रिंग प्रकारात ती मोकळी जागा जशीच्या तशी टिकते, आणि 'रिकामे आहे का' या तपासणीला ती रिकामी वाटत नाही. टोकन प्रकार वापरला तर व्हॅलिडेशनच्या वेळी ती गळून जाते, पण स्कीमा न वाचणारा सिरियलायझर ती तशीच तुमच्या हाती देतो. तिथे ट्रिम करूनच तपासा.